ख्रिस्ती लाइफ कोचिंगच्या मुळाशी नेमकी कोणती श्रद्धा आहे?

मोसंबी_जालना

सर्वांना सलाम. मी जालन्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि गेली सात वर्षे आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे काम पाहते. प्रश्न थोडा लांबणार आहे, पण प्रसंग सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

मागच्या महिन्यात संघातला चोवीस वर्षांचा एक मुलगा घरी आला. तो बी.एस्सी. कृषी झालेला आहे. घरी साडेतीन एकर जमीन आहे आणि एके काळी त्यात मोसंबीची बाग होती. २०१२ च्या दुष्काळात टँकरचे पाणी विकत आणून घालूनही बाग वाचली नाही, वडिलांनी वाळलेली झाडे तोडून सरपणाच्या भावाने विकली आणि तेव्हापासून त्या घरात शेतीचे नाव काढलेले त्यांना खपत नाही. मुलाला पुन्हा बाग लावायची आहे, वडील म्हणतात की नोकरीची परीक्षा दे. "ताई, मी काय करू?" एवढेच त्याने विचारले आणि पुढचे दोन तास मी बोलत होते. मी त्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचे वेळापत्रक आखून दिले, वचने काढून दाखवली, शेवटी प्रार्थना केली. तो "हो ताई, हो ताई" करत राहिला, चहा संपवून गेला आणि त्यानंतर संघाच्या एकाही बैठकीला आलेला नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात एका ओळखीच्या बाईंनी बारा आठवड्यांच्या ऑनलाइन "ख्रिस्ती लाइफ कोच" प्रशिक्षणाचे पत्रक पाठवले. फी अठरा हजार रुपये आहे. त्यात लिहिले आहे की कोच सल्ला देत नाही, कोच प्रश्न विचारतो, कारण उत्तर समोरच्या माणसाच्या आतच असते. हे वाक्य वाचून मला एकाच वेळी लाजही वाटली आणि शंकाही आली. लाज यासाठी, की मी त्या मुलाला एकही खरा प्रश्न विचारला नव्हता. आणि शंका अशी, की हृदय सर्वांत कपटी आहे असे बायबलमधल्या यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात आपण वाचतो आणि सत्य देवाच्या वचनातून येते असे मानतो. मग "उत्तर तुझ्यातच आहे" ही ख्रिस्ती श्रद्धा कशी काय ठरते? जगातले लाइफ कोचिंग उचलून त्याला वरून वचनांची झालर लावली आहे, की यामागे खरोखर आपल्या विश्वासातून आलेला काही विचार आहे? जाणकारांनी समजावून सांगावे.

निवृत्त_पाळक_परभणी

जय ख्रिस्त, ताई. पत्रकातले ते वाक्य जसेच्या तसे घेतले तर ते ख्रिस्ती नाही, ही तुमची शंका रास्त आहे. परंतु त्या वाक्याच्या अगदी शेजारी एक दुसरे वाक्य आहे आणि ते पूर्णपणे ख्रिस्ती आहे: उत्तर माणसाच्या आत आहे असे नव्हे, तर तुम्ही त्या माणसाला भेटण्याच्या कितीतरी आधीपासून देव त्याच्या आत काम करीत आहे. ज्याने हे चांगले काम सुरू केले तो ते सिद्धीस नेईल, असा भरवसा पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात व्यक्त केला आहे, आणि दुसऱ्या अध्यायात इच्छा करणे व कृती करणे ही दोन्ही देवच तुमच्या ठायी घडवतो असे तो म्हणतो. एवढे मनापासून मानले, तर समोरच्याचे ऐकणे हा केवळ सौजन्याचा भाग राहत नाही. देव त्याच्यात काय करीत आहे हे ओळखण्यासाठी ऐकावेच लागते.

दुसरा पाया उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, म्हणून तो आपल्या हातातले बिघडलेले यंत्र नाही आणि आपण त्याचे मेकॅनिक नाही. त्या प्रतिरूपाला पापाने तडा गेला आहे हेही तितकेच खरे, आणि म्हणूनच आपण माणसाचा आदर करतो तरी त्याच्या प्रत्येक इच्छेला देववाणी समजत नाही. या दोन गोष्टी एकत्र धरणे अवघड आहे. बहुतेक चुका एक सोडून दुसरी धरल्यामुळे होतात.

प्रभू येशूने विचारलेल्या प्रश्नांकडे पाहा. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो आहे, त्याला काय हवे हे गर्दीतल्या लहान पोरालाही कळले असते, तरी प्रभू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. रोज पैसे मागणाऱ्या माणसाला आपली खरी मागणी स्वतःच्या तोंडाने उच्चारायला लावणे, यातच त्याचा अर्धा सन्मान आहे. ज्याच्या पाण्यात उतरल्याने आजार बरा होतो असे लोक मानत, त्या बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला प्रभू विचारतो, तुला बरे व्हायचे आहे का? हा प्रश्न मी सेवेत असताना अनेकदा वाचला, पण त्या माणसाचे उत्तर माझ्या लक्षात फार उशिरा आले. तो "हो" म्हणतच नाही. मला तळ्यात सोडणारे कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो, अशी तो तक्रार करतो. अडतीस वर्षांत त्याची इच्छा तक्रारीखाली गाडली गेली होती, आणि ती आहे की नाही हे प्रश्नाशिवाय कोणालाच, कदाचित त्यालाही, कळले नसते.

आता दुसरी बाजू. पवित्र शास्त्रात नुसते प्रश्न नाहीत. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो प्रश्नाने सुरुवात करतो खरा, पण पुढे सरळ सांगतो की तू करतोस ते बरे नाही, तू थकून जाशील, माणसे नेम आणि कामाची वाटणी कर. नाथान संदेष्टा दावीद राजाला गोष्ट सांगतो आणि मग त्याच्या पापाकडे बोट दाखवतो. म्हणून "सल्ला कधीच द्यायचा नाही" हा नियम बायबलचा नव्हे, तो त्या व्यवसायाचा आहे. तो नियम उपयोगी आहे, विशेषतः आमच्यासारख्यांना, कारण आपल्या भागातल्या मंडळ्यांची घडण मिशनच्या काळात झाली. तुमच्या जालन्याजवळच्या बेथेलची वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात उभी केली. त्या काळात मिशनच्या आसऱ्याला आलेल्या कुटुंबांना जमीन, शाळा, काम हे सारे मिशनकडूनच मिळाले आणि त्याचे ऋण मोठे आहे; पण "साहेब सांगतील तसे" ही सवयही त्यासोबत आली आणि ती पुढे पाळकांच्या खुर्चीला चिकटली. मी स्वतः चौतीस वर्षे त्या खुर्चीत बसून लोकांचे बोलणे अर्ध्यावर तोडत आलो. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचे सगळे बरोबर चालले होते. तोंड उघडले आणि बिघडले.

वाळूज_एमआयडीसी

पाळकसाहेबांना सलाम, ताईंना नमस्कार. मी वाळूजच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात आहे आणि कंपनीच्या खर्चाने कोचिंगचे रीतसर शिक्षण घेतले आहे. मंडळीत त्याचा उपयोग करायला लागलो तो नंतर. मी व्यवहाराच्या बाजूने थोडी भर घालतो.

आधी शब्दाचा गुंता. लातूरकडे कोचिंग म्हटले की नीट-जेईईचे क्लास डोळ्यांसमोर येतात, आणि गंमत म्हणजे शब्दाच्या इतिहासाला ते धरूनच आहे. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात चांगल्या घोडागाड्या बनत, त्यावरून गाडीला ते नाव पडले, आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षा पार करून देणाऱ्या शिकवणी मास्तरांना गमतीने तेच नाव देऊ लागले. आजच्या अर्थाचे कोचिंग बरेच अलीकडचे आहे. टिमथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४ मध्ये असे मांडले की खेळाडूचा खरा अडथळा नेटच्या पलीकडे नसून त्याच्या स्वतःच्या डोक्यात चाललेल्या बडबडीत असतो, आणि प्रशिक्षकाच्या सूचनांनी ती बडबड आणखी वाढते. इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कंपन्यांमध्ये नेला. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची "ग्रो" पद्धत त्यांच्यामुळेच जगभर पोहोचली. अमेरिकेत थॉमस लेनर्ड यांनी १९९५ मध्ये कोचांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि गॅरी कॉलिन्स या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ख्रिस्ती कोचिंगवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तेव्हा झालर लावली आहे का, या तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की कापड बाहेरचेच आहे. पण ते उसवून पुन्हा शिवलेले आहे की नुसती किनार लावली आहे, हे ज्याचे त्याचे पाहावे लागते.

कुठे उसवावे लागते ते सांगतो. बाहेरच्या कोचिंगमध्ये समोरच्याने ठरवलेले ध्येय हाच शेवटचा शब्द असतो. त्याला दोन फ्लॅट हवे असतील तर कोच दोन फ्लॅटपर्यंत सोबत करतो. ख्रिस्ती कोचिंगची श्रद्धा अशी की आयुष्य हे मालकीचे नसून कारभारीपणाचे आहे, वेळ, गुण, जमीन, पैसा हे सोपवलेले आहे आणि त्याचा हिशेब द्यायचा आहे. म्हणून ध्येय विचारून झाल्यावर एक प्रश्न जास्तीचा येतो: हे कोणासाठी आहे आणि देवापुढे हे मांडताना तुला काय वाटते? हा प्रश्न आला की संभाषणाची दिशाच बदलते. दुसरा फरक निर्धाराच्या पायरीवर आहे. बाहेर सगळी भिस्त इच्छाशक्तीवर असते, आपल्याकडे माणूस पडेल हे गृहीत आहे आणि पडल्यावर उठण्यासाठी कृपा आहे हेही गृहीत आहे, त्यामुळे पुढच्या भेटीत "केलेस का?" हे विचारताना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात नाही.

तुमच्या मोसंबीवाल्या मुलाचेच उदाहरण घेऊ. "मी काय करू?" असे त्याने विचारल्यावर मी बहुधा एवढेच म्हटले असते, "बाग लावायची म्हणतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर नेमके काय येते?" आणि मग थांबलो असतो. हे थांबणे शिकायलाच मला सर्वांत जास्त वेळ लागला. आठ-दहा सेकंदांची शांतता मराठी माणसाला, त्यातून शिक्षकाला, सहन होत नाही, आपण लगेच दुसरा प्रश्न किंवा उत्तर पुढे सरकवतो. पण तो त्या शांततेत बहुतेक वेळा पहिल्यांदाच स्वतःचे ऐकत असतो. त्यानंतर विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती टिकते, झाड फळावर येईपर्यंतची चार-पाच वर्षे घर कशावर चालेल, हे प्रश्न येतातच, कारण बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा हे प्रभूनेच सांगितले आहे.

फीबद्दल एकच सांगतो. आपल्या देशात लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे "प्रमाणित" या शब्दावर भाळू नका. मी म्हटलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्वांत खालच्या दर्जासाठीसुद्धा किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कोचिंगचा १०० तासांचा अनुभव लागतो. बारा आठवड्यांत किती तास शिकवतात आणि तुमचे संभाषण ऐकून चुका दाखवणारे कोणी आहे का, हे विचारल्याशिवाय अठरा हजार भरू नका.

मोसंबी_जालना

पाळकसाहेब आणि सर, दोघांचेही आभार. तासांची चौकशी मी केली. उत्तरादाखल आणखी एक पत्रक आले, त्यात सवलतीची शेवटची तारीख आहे. असो. अडतीस वर्षांच्या माणसाने "हो" म्हटलेच नाही, हे माझ्याही कधी लक्षात आले नव्हते. एक शंका मात्र उरली आहे. मी प्रश्न विचारायचे ठरवले तरी माझ्या मनात उत्तर आधीच तयार असते, आणि मग माझे प्रश्न वर्गातल्या प्रश्नांसारखे होतात, म्हणजे मुलाने माझेच उत्तर शोधून द्यावे यासाठी विचारलेले. हे कसे टाळायचे?

छावणी_परिचारिका

ताई, तुमची ही शंका सोळाव्या शतकातली आहे असे म्हटले तर हसू नका. मी कॅथलिक आहे आणि आमच्या परंपरेत आत्मिक मार्गदर्शन करणाऱ्यांना संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेला एक दंडक आजही शिकवतात. त्याचा आशय असा की मार्गदर्शकाने समोरच्याला एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि निर्माणकर्त्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा. देव त्या माणसाशी थेट बोलू शकतो, त्याला दरवेळी माझ्या तोंडाची गरज नाही, ही श्रद्धा असल्याशिवाय काटा मध्ये राहत नाही. माझ्या मनात उत्तर तयार असतेच, ते मी स्वतःपुरते मान्य करते आणि बोलायला बसण्याआधी ते देवाच्या हवाली करते. तरी कधी कधी ते डोकावते, तेव्हा "हे माझे मत आहे, तुला ते बाजूला ठेवता येईल" असे उघड सांगणे मला लपूनछपून प्रश्नात घालण्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

परंतु मी लिहायला बसले ते दुसऱ्या कारणासाठी. मी छत्रपती संभाजीनगरमध्ये रुग्णालयात काम करते आणि समुपदेशनाच्या कक्षात माझी नेमणूक असते. वरच्या सगळ्या चर्चेत माणूस धडधाकट आहे, त्याला फक्त दिशा हवी आहे, असे धरलेले आहे. तसे नसेल तर कोचिंग हे घातक ठरू शकते. आमच्याकडे आलेल्या एका बाईंना अशाच एका स्वयंघोषित ख्रिस्ती कोचने, ध्येय लिहून काढ आणि गोळ्यांवर नव्हे तर प्रभूवर भरवसा ठेव, असे सांगितले होते. गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात नातेवाइकांनी त्यांना उचलून आणले. झोप उडालेली, जेवण तुटलेले, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, दारू, घरातली मारहाण, यांपैकी काहीही दिसले तर तिथे कोचने थांबायचे आणि डॉक्टरांकडे किंवा जिथे कायद्याची मदत मिळेल तिथे पोहोचवायचे. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी क्रमांक तरुण संघाच्या फळ्यावर लिहून ठेवा, तिथे मराठीत बोलता येते. मार खाऊन आलेल्या बाईला "या परिस्थितीत तुझे ध्येय काय आहे?" असे विचारणे म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा हात उचलण्यासारखे आहे.

आणि हे श्रद्धेच्या बाहेरचे नाही. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मला मरण येऊ दे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला कुठलाही प्रश्न विचारला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर होरेब डोंगरावर आला. तोही दोनदा विचारला, एलीयाने दोन्ही वेळा तेच रडगाणे शब्दशः ऐकवले, आणि मग देवाने त्याची माहिती दुरुस्त केली: तू एकटा उरलेला नाहीस, आणखी सात हजार आहेत. आधी भाकर, मग झोप, मग प्रश्न आणि शेवटी वस्तुस्थिती. आम्ही कक्षात याच क्रमाने काम करतो.

गेवराईचा_कोयता

मला या विषयात प्रशिक्षण नाही, आणि खरे तर मला तो खटकतो, म्हणून लिहितो आहे. माझे आईवडील पंधरा हंगाम ऊस तोडायला गेले. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहायचे आणि उन्हाळ्यात परतायचे. माझ्या आईला कोणी "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?" असे विचारले असते तर तिने उत्तर दिले असते, "फडात." लाइफ कोचिंगची सगळी भाषा निवडीची आहे आणि निवड ही ज्याच्या खिशात चार पैसे आहेत त्याची असते. ज्याचे वर्ष मुकादमाच्या वहीत आधीच लिहिले गेले आहे, त्याला स्वप्न पाहायला सांगणे ही श्रद्धा नसून अज्ञान आहे.

या मंडळींचे लाडके वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे आहे, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत असे देव सांगतो ते. पोस्टरवर ते सूर्योदयाच्या चित्राबरोबर असते. पण ते पत्र कोणाला लिहिले आहे? यरुशलेमेतून उचलून बाबेलात नेलेल्या बंदिवानांना. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षे पूर्ण व्हायची आहेत असे म्हटले आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार होते. दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगणारा हनन्या नावाचा संदेष्टा आदल्या अध्यायात आहे आणि तो खोटा ठरला. आजचे बारा आठवड्यांत आयुष्य बदलून देणारे मला त्या हनन्याच्या घराण्यातले वाटतात. आणि दुसरे, ते वचन एकट्याला दिलेले नाही, "तुमच्या" हे तिथे अनेकवचन आहे. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा, असे सगळ्यांना मिळून सांगितले आहे. तुमच्या कोचिंगमध्ये खुर्च्या दोनच असतात. मराठवाड्यातल्या कुठल्या घरात चोवीस वर्षांच्या पोराचा निर्णय दोन खुर्च्यांवर होतो?

वाळूज_एमआयडीसी

दादा, तुमचे म्हणणे मला लागले, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. निवडीची भाषा वरच्या थरातून आलेली आहे हे मान्य. कारखान्यातही मी ज्यांना कोचिंग देतो ते सुपरवायझरच्या वरचे असतात, कंत्राटी कामगारासाठी कंपनी हा खर्च करीत नाही. एवढेच म्हणेन की ज्याच्याकडे निवड थोडी आहे त्याची ती थोडीशी निवडसुद्धा आपण सल्ला देऊन काढून घेऊ नये. तुमच्या आईला पाच वर्षांचा प्रश्न नको होता, पण "या हंगामात पोरांना शाळेत ठेवायला कोणाची मदत लागेल?" हा प्रश्न तिला कोणी विचारला होता का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

गेवराईचा_कोयता

विचारला होता. आमच्या गावातल्या एका शिक्षिकेने. म्हणून मी आज हे लिहू शकतो आहे. त्या कोच नव्हत्या आणि ख्रिस्तीही नव्हत्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि हंगामभर मला स्वतःच्या घरी ठेवूनही घेतले.

निवृत्त_पाळक_परभणी

गेवराईच्या भावांनी अनेकवचनाचा मुद्दा काढला तो मी आयुष्यभर प्रवचनात चुकवला. ताई, यावरून सुचले ते सांगतो. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर प्रभूने चालता चालता दोघा शिष्यांना विचारले की तुम्ही आपसात काय बोलत आहात, आणि ते दोघे खिन्न होऊन उभे राहिले. दोघे होते, एक नव्हता. आणि प्रभूने नुसता प्रश्न विचारून सोडून दिले नाही, पुढे शास्त्राचा उलगडाही केला, त्यांना मंदबुद्धी म्हणायलाही तो कचरला नाही. पण गाव आल्यावर त्याने पुढे जायचा रोख दाखवला आणि थांबवायचे की नाही ते त्यांच्यावर सोपवले. मी सेवेत असताना या शेवटच्या भागाकडे दुर्लक्ष केले. आम्ही कधीच पुढे जायचा रोख दाखवला नाही, आम्ही बसूनच राहिलो.

मोसंबी_जालना

प्रशिक्षणाला नाव घातलेले नाही. परवा शाळा सुटल्यावर त्या मुलाच्या घरी गेले होते. वडील बाजारसमितीत गेले होते, तो एकटाच होता आणि मला पाहून ओशाळला. मी आधी त्याची माफी मागितली, त्या दिवशी दोन तास मीच बोलले म्हणून. मग सरांनी सुचवलेला प्रश्न विचारला आणि तोंड मिटून बसले. खरोखर फार जड जाते. अंगणात कोंबड्या होत्या, त्या मोजून झाल्या, तेरा.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला की डोळ्यांसमोर बाग येतच नाही, तोडलेल्या झाडांचे बुंधे येतात. वडील कुऱ्हाड चालवत होते आणि हा बारा वर्षांचा, फांद्या ओढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकत होता. त्या दिवशी वडील एक शब्द बोलले नाहीत आणि त्यानंतर आजवर त्यावर दोघांचे बोलणे झालेले नाही. बाग लावायची आहे ती मोसंबीसाठी की त्या दिवसासाठी, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, असे तो म्हणाला. माझ्या वेळापत्रकात याला कुठेच जागा नव्हती.

निघताना त्याने विचारले, "ताई, हाच प्रश्न तुम्ही अण्णांना विचाराल का? मी बाजूला बसतो." रविवारी उपासनेनंतर जायचे ठरले आहे. तीन खुर्च्या लागतील, असे मी त्याला सांगून आले.